पंचाची सही

सरकारनं जुन्या फायली खुल्या केल्या अशी बातमी आली की आमच्या पारावर दोन दिवस दुसरा विषय नसतो. २३ जानेवारी २०१६ ला दिल्लीत नेताजी सुभाषबाबूंच्या शंभर फायली लोकांसाठी उघडल्या, तेव्हा कपाशीच्या भावाचं बोलणं सोडून लोक तैवानमध्ये पडलेल्या विमानाबद्दल बोलायला लागले. एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "नाना, आते खरं बाहेर येई." फायली उघडल्या, पानं लोकांनी वाचली आणि भांडण होतं तिथंच राहिलं. १८ ऑगस्ट १९४५ च्या त्या अपघाताची आपल्या सरकारनं तीन वेळा चौकशी केली. शाहनवाज समिती आणि खोसला आयोग म्हणाले, नेताजी त्या अपघातातच गेले. मुखर्जी आयोग म्हणाला, नाही. सरकारनं मुखर्जींचं म्हणणं मानलं नाही. ज्याला जे आधीपासून पटलेलं होतं, तेच त्याला त्या शंभर फायलींत सापडलं.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. केळी आणि कपाशी यांच्यात आयुष्य गेलं. पण एक प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही. बंद कपाटात सत्य बसलेलं असतं आणि कुलूप काढलं की ते बाहेर येतं, असं आपण धरून चालतो. कपाटात असतो कागद. कागदावर तेवढंच असतं, जेवढं लिहिणाऱ्यानं लिहिलं आणि सांगणाऱ्यानं सांगितलं. मग कागद उघडा म्हणून ओरडण्याआधी, तो भरताना कोण काय सांगत होतं, हे विचारायला नको का?

दिल्लीच्या कपाटाचं मला काय कळणार? आपल्या तालुक्याच्या कपाटाचं मात्र थोडंफार कळतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंदवही असते. विहिरीत बुडालेला, वीज पडून गेलेला, सापानं खाल्लेला, स्टार्टरच्या पेटीला चिकटलेला, फवारणी करता करता बांधावर कोसळलेला, रेल्वे रुळावर सापडलेला, सगळे त्या एका वहीत. पूर्वी हे काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता ते कलम १९४ झालं. आकडा बदलला, पद्धत तीच. पोलिसानं जागेवर जायचं, आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांना बोलवायचं, त्यांच्यासमोर मृतदेह पाहायचा, जखमा लिहायच्या आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या.

या दोन माणसांत मी आजवर सात-आठ वेळा बसलो आहे. प्रतिष्ठित म्हणून नव्हे. बाकीचे पांगतात म्हणून. पोलिसांची गाडी आली की गर्दीतली हुशार माणसं हळूच मागच्या गल्लीत जातात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडं लहानपणीच शिकवतात. मग कोणीतरी म्हणतं, नानाला बोलवा, त्याला लिहिता-वाचता येतं.

एकदा वकिली करणाऱ्या ओळखीच्या पोराकडून मी ते कलम नीट समजून घेतलं. त्यातल्या दोन गोष्टींनी मला चकित केलं. पहिली अशी की कायदा पंचाला मृत्यूचं खरं कारण विचारतच नाही. वरवर काय दिसतं, एवढंच विचारतो. दुसरी अशी की त्या अहवालावर ज्याला तो पटला त्यानंच सही करायची आहे. न पटणाऱ्यानं सही केलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. हे वाचल्यावर मला वाटलं, ज्यानं कुणी हे कलम लिहिलं असेल त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत होता. पाहणं आणि ताडणं यांत फरक आहे आणि माणूस तो फरक पटकन विसरतो, हे त्याला ठाऊक होतं.

आता खरी अडचण सांगतो. आमच्या गावाला लागून एक मळा आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या विहिरीत मालकाचा देह सापडला. पन्नाशीचा माणूस, सोसायटीचं कर्ज, दोन वर्षं पिकानं दगा दिलेला. हवालदारानं कागद काढला आणि मला विचारलं, "बोला नाना, काय लिहू?" माझ्या मागं दहा माणसं उभी. सगळ्यांचा एकच इशारा, पाय घसरला म्हणा.

ते लोक तसं का म्हणत होते? वाईट हेतूनं अजिबात नाही. शेतकऱ्याचा अपघातात मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. बुडणं त्यात बसतं, सर्पदंश बसतो, वीज बसते. आत्महत्या बसत नाही. आत्महत्या असेल तर दुसरा नियम. त्यात १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. तेही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. जमीन घरच्यांच्या नावावर हवी, नापिकी हवी, कर्ज बँकेचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं हवं आणि वसुलीचा तगादा हवा. यातलं काही कमी पडलं की शिक्का बसतो, 'अपात्र'. म्हणजे विहीर एक, माणूस एक, मरण एक. फक्त कागदावरच्या एका शब्दानं त्या बाईच्या पदरात दोन लाख पडतात, एक लाख पडतात, नाहीतर काहीच नाही. अशा वेळी दहा माणसं मागं उभी राहून 'पाय घसरला' म्हणतात, ती खोटारडी नसतात. ती दयाळू असतात.

मी हवालदाराला सांगितलं, मी बघतो तसं लिहा. चपला काठापासून दोन हात लांब, शेजारी शेजारी. विहिरीला कठडा नाही. पाइपाजवळची माती ओली, तिच्यावर घसरल्यासारखी खूण, पण खूण ताजी की आदल्या दिवसाची ते सांगता येत नाही. अंगावर मारहाणीची जखम दिसत नाही. एवढं लिहा. पाय घसरला हेही लिहू नका, उडी मारली हेही लिहू नका. मी दोन्ही पाहिलेलं नाही.

त्या वहिनीला मदत मिळायला फार काळ लागला. कागद कचेरीतून तीनदा परत आला. गावात अजूनही दोन-चार जण मला म्हणतात, नाना, एक शब्द जास्त लिहिला असता तर काय बिघडलं असतं? प्रश्न साधा आहे आणि त्याला साधं उत्तर नाही. उपाशी घरासमोर उभं राहून खरेपणाच्या गप्पा मारणं सोपं नसतं, आणि ज्याच्या घरी दोन वेळची भाकर आहे त्यानं तर त्या माराव्यातच कशाला, हेही मला कळतं.

तरी मी जे मानतो ते मांडतो. एका घरापुरतं पाहिलं तर तो एक शब्द दया आहे. पण तो कागद त्या घरापुरता राहत नाही. तो ठाण्यातून जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातून राज्याला आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं. देशातल्या अपघाती मृत्यूंचा आणि आत्महत्यांचा हिशेब १९६७ पासून छापला जातो, आता तो हा विभाग छापतो. २०२२ च्या हिशेबात शेतीतल्या ११,२९० माणसांच्या आत्महत्या आहेत, त्यातल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. हे आकडे वाचून एखादा मंत्री सभागृहात बोलतो, एखादा अधिकारी योजना आखतो, एखादी बँक आपलं धोरण बदलते किंवा बदलत नाही. आपण गावोगाव 'पाय घसरला' लिहीत गेलो, तर कर्जानं गेलेला माणूस मोजणीतूनही जातो. त्याला कशानं मारलं ते कुणाला शोधावंच लागत नाही. आणि पुढच्या वर्षी त्याच कारणानं दुसऱ्या विहिरीत दुसरा देह तरंगतो.

दोष पंचावर टाकून मोकळं होता येणार नाही, हेही तितकंच खरं. ज्या नियमात खरं बोलणाऱ्याचं घर बुडतं, तो नियमच माणसाला खोटं शिकवतो. मरणाच्या कारणाप्रमाणे विधवेची भूक कमी-जास्त होत नाही. घरातला कर्ता गेला, एवढं मदतीला पुरेसं धरलं, तर मागं उभ्या असलेल्या त्या दहा माणसांना इशारे करायची गरज उरणार नाही. सरकारला खरे कागद हवे असतील तर आधी खऱ्याची किंमत विधवेकडून वसूल करणं थांबवावं लागेल.

जे सांगितलंच गेलं नाही ते कागदावर येत नाही, याचं दुसरं उदाहरण सापाचं. आमच्याकडं शेतीची लाईट कितीतरी दिवस रात्रीची असते. केळीला पाणी भरायला माणूस रात्री निघतो, हातात बॅटरी, पायात चप्पल. साप चावला तर पुष्कळदा आधी मांत्रिक आणि मग दवाखाना, तोवर वेळ गेलेली. घरीच दम तोडला तर काही जण पोस्टमार्टम नको म्हणून गुपचूप अग्नी देतात. नोंद कुठं? कुठंच नाही. २०११ साली एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात माणसं घरोघर पाठवून विचारलं होतं, तुमच्या घरातला माणूस कशानं गेला? त्यावरून अंदाज निघाला की भारतात वर्षाला सुमारे ४५,९०० माणसं सर्पदंशानं मरतात. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींपेक्षा हा आकडा तीस पटींहून जास्त होता. दवाखान्याचं दप्तर कितीही उघडलं असतं तरी ही माणसं त्यात सापडली नसती. ती सापडली कोणीतरी ओट्यावर बसून नीट विचारलं म्हणून.

आणि सापडली तरी 'सर्पदंश' या शब्दात रात्रीची लाईट दिसते का? ती दिसत नाही. तसंच गाड्यांचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईनं भरलेला ट्रक रात्री उलटला आणि त्यावर बसून घरी निघालेले रावेरकडचे मजूर दाबले गेले. कुणी पंधरा छापले, कुणी सोळा. अशा अपघातांच्या कागदात 'वाहनावरील ताबा सुटला' असं एक वाक्य ठरलेलं असतं. ते खोटं असेलच असं नाही. पण मजूर मालाच्या ढिगावर बसून अर्ध्या रात्री का येतात, याला त्या कागदात रकाना नाही. रकाना नसला की प्रश्नही उरत नाही.

आमच्या जिल्ह्यातला अलीकडचा मोठा अपघात सगळ्यांना आठवत असेल. २२ जानेवारी २०२५. पाचोरा तालुक्यात परधाडे आणि माहेजी या स्टेशनांच्या दरम्यान लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस थांबली. गाडीला आग लागली अशी हूल उठली होती. कुणीतरी साखळी ओढली, माणसं खाली उतरली, काही शेजारच्या रुळावर गेली आणि बंगळूरकडून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस त्यांच्यावर आली. तिथं वळण आहे. मृतांचा आकडा वाढत १३ वर गेला. त्यात पोटासाठी मुंबईला निघालेले नेपाळकडचे लोकही होते. आग नव्हतीच.

अशा अपघाताची चौकशी करायला रेल्वे सुरक्षा आयुक्त असतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. १९४१ साली ही तपासणी यंत्रणा मुद्दाम रेल्वे बोर्डापासून वेगळी काढली. ज्याची गाडी त्यानंच अपघाताचं कारण लिहू नये, एवढा साधा विचार त्यामागं आहे. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनाही तो कळतो. बांधाच्या भांडणात भाऊबंदाला पंच नेमत नाहीत.

पण त्या दिवशी ज्यानं माणसं मारली, ती हूल. हूल कुठं उगवते? जिथं खात्रीची माहिती वेळेवर मिळत नाही तिथं. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारले. तो अपघात नव्हता, तो खून होता, दोन्ही एका मापानं मोजता येणार नाहीत. तरी दोन्हींच्या बुडाशी एक गोष्ट सारखी आहे. न पाहिलेलं माणसानं पाहिल्यासारखं सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं विचारलं नाही, तू स्वतः पाहिलंस का? पंचाच्या सहीचं जे पथ्य, तेच पाळलं असतं तर ती पाच माणसं आज घरी असती.

माझ्या हाताखालून गेलेल्या एका कागदाचं सांगतो. अमळनेरकडच्या एका बाईचा मुलगा सुरतेला कामाला होता. घरात भांडून गेलेला. एक दिवस निरोप आला, दोंडाईच्याच्या पुढं रुळाजवळ त्याचा देह सापडला. मामानं जाऊन ओळख पटवली, अग्नी दिला. गावानं ठरवून टाकलं, पोरानं रुळावर जीव दिला. अकरा वर्षं ती माय हेच ऐकत होती. कुणीतरी तिला माझ्याकडं पाठवलं. मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. २००५ च्या कायद्यानं फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत, आणि माहिती कशाला हवी ते सांगावं लागत नाही. कारण विचारलं असतं तर ती बाई काय सांगणार होती?

चार पानं आली. मृत्यूचं कारण या जागी लिहिलं होतं, गाडीतून पडून अथवा अन्य कारणाने, निश्चित सांगता येत नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग पुढं पंचनामा होता. कुण्या अनोळखी गावचे दोन पंच, त्यातल्या एकाचा अंगठा. त्यांनी खिशातली एकेक वस्तू लिहायला लावली होती. सुरत ते अमळनेर एक तिकीट, त्याच दिवसाचं. रुपये बेचाळीस. देहापासून काही अंतरावर कापडी पिशवी, त्यात लहान मुलीचा नवा फ्रॉक एक, शेवेचा पुडा एक.

बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग तो घरले यी राह्यंता."

घरी येत होता, एवढंच. पाय सुटला की आणखी काय झालं, ते त्या कागदानंही सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. पण भाचीसाठी फ्रॉक घेऊन निघालेला पोरगा होता तो, हे तिला मिळालं. हे तिला देणाऱ्या पंचांनी कारण ताडायचा प्रयत्न केला नव्हता. पिशवीत जे होतं ते सांगितलं होतं. 'आत्महत्या' असा एक शब्द लिहून ते अर्ध्या तासात मोकळे झाले असते, तर तिकीट आणि फ्रॉक कुणी लिहिलाच नसता.

'माहीत नाही' असं लिहायला सरकारला लाज वाटते, आणि आपल्यालाही. अमेरिकेच्या हवाई दलानं १९४७ ते १९६९ या काळात आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या १२,६१८ तक्रारी तपासल्या. बहुतेकांचा उलगडा झाला, कुठं तारा, कुठं फुगा, कुठं विमान. ७०१ मात्र उलगडल्या नाहीत आणि त्यांनी तसं लिहून ते कागद सर्वांना खुले केले. लोक त्या ७०१ वरून परग्रहावरच्या पाहुण्यांच्या गोष्टी रचतात, रचोत बापडे. मला त्यात वेगळं दिसतं. एवढ्या बलाढ्य देशाच्या फौजेनं सातशे एक वेळा लिहिलं, आम्हाला कळलं नाही. कळलं नाही असं जिथं लिहिलेलं आहे, तिथं बाकीच्या पानांवरही थोडा विश्वास बसतो. ज्या दप्तरात प्रत्येक मरणापुढं ठसठशीत कारण लिहिलेलं असेल, ते दप्तर मला संशयाचं वाटतं.

आता कोणी म्हणेल, सगळं सगळ्यांना उघडं करावं का? घराची अब्रू असते. मेलेल्या लेकीबाळीच्या पंचनाम्यातलं वर्णन चौकात वाचावं असं मी म्हणणार नाही. माझं मत असं. रक्ताच्या माणसाला सगळं मिळावं, हेलपाटे न घालता मिळावं. गावाला आणि देशाला नाव नको, पण जागा, कारण आणि आकडा मिळावा. म्हणजे कोणत्या वळणावर किती गेले, कोणत्या डीपीखाली किती गेले, कठडा नसलेल्या विहिरीत किती गेले, हे ग्रामसभेत बोलता येईल.

आणि आपलं काय? आपण सरकारकडं उघडा कागद मागतो, ते बरोबरच आहे, मागितलाच पाहिजे. पण त्या कागदाची पहिली ओळ आपल्या तोंडून निघालेली असते. ती ओळ भरायची वेळ आली की आपण मागच्या गल्लीत निघून जातो, आणि वीस वर्षांनी त्याच कागदात सत्य का नाही म्हणून सरकारला विचारतो. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं. साक्षीला निघालेल्या आजोबांना ती एवढंच म्हणायची, "जे दखं तेच सांगजो." पुढं तुमच्या शिवारात असा प्रसंग आला, न येवो, पण आला आणि पोलिसानं पंच म्हणून हाक मारली, तर जागेवर थांबा. देह नीट पाहा, भोवतालची जमीन पाहा, पिशवी उघडायला लावा. लिहिलेलं पुन्हा वाचून घ्या. जे पाहिलं तेवढं असेल तर सही करा. जास्त असेल तर तेवढी ओळ खोडायला सांगा, आणि मग सही करा.